थांबायचं कुठे?

लॉस एंजेलिसमध्ये कुणी पायी चालत नाही, असं इथे यायच्या आधी मला सगळ्यांनी सांगितलं होतं. ते खरं नाही. ज्यांच्याकडे गाडी नाही ते चालतात, ज्यांना गाडी चालवता येत नाही ते चालतात. पहाटे बसस्टॉपकडे निघालेल्या घरकाम करणाऱ्या बायका, वॉकर टेकत औषधाच्या दुकानाकडे जाणारे आजोबा, बाबागाडी ढकलणारे, कुत्रे फिरवणारे, व्हीलचेअरवरचे लोक, सगळे फुटपाथवर असतात. हे मला नीट माहीत आहे, कारण गेली काही वर्षं फुटपाथ बघणं हेच माझं काम आहे. आधी तो पडद्यावर बघत होते, आता पायी फिरून बघते.

मी ज्या कंपनीत काम करते, तिचे रोबो दुकानातून घरापर्यंत जेवण, किराणा, औषधं आणि छोटी पार्सलं पोचवतात. चार चाकांवरची एक पेटी, कमरेपेक्षा थोडी बुटकी. वर कुलूपबंद झाकण, चारी बाजूंना कॅमेरे, मागे काठीला लावलेला झेंडा. गिऱ्हाईक दारात येऊन फोनवरून कुलूप उघडतं. वेग माणसाच्या चालण्याएवढा, आणि अंतर फार तर दोन-तीन किलोमीटर. या शहरात असं काम करणाऱ्या एकाहून अधिक कंपन्या आहेत. आमचीच वेगळी सांगावी असं तिच्यात काही नाही.

या यंत्रांवर माझा विश्वास आहे, हे आधीच सांगून टाकते. एका माणसाचं रात्रीचं जेवण पोचवायला दीड टनाची मोटार बाहेर काढायची, ती दुकानासमोर रस्त्यातच उभी करायची, सायकलवाल्याची वाट अडवायची, पुन्हा गिऱ्हाईकाच्या घराजवळ जागा शोधत घिरट्या घालायच्या, यात शहाणपण नाही. हे खोरं डोंगरांनी वेढलेलं आहे, गाड्यांचा धूर इथे साचून राहतो. शेजारच्या सांता मोनिका शहराने 2021 मध्ये एका चौरस मैलाच्या भागात धूर न सोडणाऱ्या वाहनांनी माल पोचवण्याचा प्रयोग सुरू केला, तो याच कारणासाठी. मालाचा शेवटचा टप्पा हलका असायला हवा, हे मला आजही मनापासून पटतं. प्रश्न इतकाच आहे की तो टप्पा कुणाच्या वाटेवरून जातो.

या धंद्याची सुरुवात सोप्या जागांवरून झाली. स्काइपच्या घडणीत असलेल्या आहती हाइन्ला आणि यानुस फ्रीस यांनी 2014 मध्ये स्टारशिप ही कंपनी काढली. तिचे इंजिनियर एस्टोनियातल्या टालिनचे. सहा चाकांचे त्यांचे रोबो 2018 मध्ये इंग्लंडातल्या मिल्टन कीन्समध्ये घरोघरी किराणा पोचवू लागले. मिल्टन कीन्स हे 1967 मध्ये आखलेलं नवं शहर. तिथे मोटारींच्या रस्त्यांपासून वेगळ्या, पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी लाल रंगाच्या रुंद वाटांचं जाळंच आहे, ठिकठिकाणी रस्त्याखालून बोगदे आहेत. त्यानंतर 2019 मध्ये व्हर्जिनियातल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या आवारात हे रोबो आले, मग इतर विद्यापीठांत पसरले. आवार बंदिस्त, वाटा सपाट, गिऱ्हाइकं तरुण. त्याच वर्षी ॲमेझॉनने वॉशिंग्टन राज्यात स्काउट नावाचा रोबो रस्त्यावर आणला आणि 2022 मध्ये तो प्रयोग थांबवला. लॉस एंजेलिस या सगळ्यांहून वेगळं आहे. इथला फुटपाथ जुना आहे, अरुंद आहे, आणि त्यावर आधीपासून माणसं आहेत.

मी सुरुवातीला पायलट होते. पायलट म्हणजे रोबोंकडे लांबून लक्ष ठेवणारी व्यक्ती. एका मोठ्या खोलीत रांगेने टेबलं, प्रत्येकासमोर पडदे, हातात गेम खेळतात तसला कंट्रोलर. काही कंपन्यांचे पायलट दुसऱ्या देशात बसतात. बर्कलेमध्ये फिरणाऱ्या किवीबॉट नावाच्या रोबोंवर कोलंबियातल्या मेडेयीनमधून नजर असायची. आमची खोली मात्र याच शहरात होती. सरळ वाटेवर रोबो आपला आपण चालतो. चौक आला, वाट अडली, कॅमेऱ्याला समोरची वस्तू ओळखता आली नाही, की तो पायलटला बोलावतो. मग त्याच्या डोळ्यांनी आपण बघायचं.

ते बघणं शिकावं लागतं. कॅमेऱ्याची भिंगं इतकी रुंद असतात की पडद्यावर सरळ भिंतही वाकलेली दिसते. चित्र क्षणभर उशिरा येतं, म्हणजे आपण बघतो ती कडा रोबोने कदाचित मागे टाकलेलीही असते. संध्याकाळी पश्चिमेकडे जाणाऱ्या रस्त्यांवर सूर्य थेट कॅमेऱ्यात येतो आणि पडदा पांढरा पडतो. मे-जूनमध्ये नीलमोहर फुलतो, तेव्हा जांभळ्या फुलांचा चिकट थर फुटपाथवर साचतो, त्याखालची भेग दिसत नाही. पाऊस क्वचितच पडतो, पण पडला की फुटपाथचा उतार जिथे रस्त्याला टेकतो तिथेच पाणी तुंबतं आणि त्याची खोली वरून कळत नाही.

सगळ्यात अवघड गोष्ट मात्र यातली एकही नव्हे. अवघड होतं ते बटण. या शहरात असे बरेच चौक आहेत, जिथे खांबावरचं बटण दाबल्याशिवाय चालणाऱ्यांसाठीचा दिवा लागतच नाही. रोबोला हात नाही. तो कडेला उभा राहतो, सिग्नल बदलतात, गाड्यांच्या लाटा येतात आणि जातात, त्याचा दिवा काही लागत नाही. मग कुणीतरी चालत येतं आणि स्वतःसाठी बटण दाबतं, त्याच्याबरोबर रोबोही निघतो. बरीच माणसं रोबो उभा दिसला की मुद्दाम थांबून बटण दाबायची, हात हलवून त्याला पुढे जायला सांगायची. शाळेतून सुटलेली मुलं तर आधी कोण दाबतं म्हणून पळत यायची. एका आजींना मी अनेकदा पाहिलं. त्या बटण दाबायच्या, दिवा लागला की रोबोकडे वळून काहीतरी बोलायच्या आणि मग स्वतः सावकाश रस्ता ओलांडायच्या. रोबोवर माइक होता, पण पायलटला आवाज येत नसे. त्या काय बोलत, हे मला कधीच कळलं नाही. स्वयंचलित म्हणवणारी ही यंत्रं रोज अशा अनोळखी माणसांच्या भलेपणावर घरी पोचत होती, आणि त्या भलेपणाची नोंद आमच्या कुठल्याही तक्त्यात नव्हती.

प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी आम्हाला एक नियम सांगितला होता. शंका आली की थांबवा. नेटवर्क गेलं तर रोबो स्वतःच थांबतो. समोर काही आलं तर थांबतो. पायलटचं उत्तर आलं नाही तर थांबतो. सगळी सुरक्षितता या एका थांबण्यावर उभी होती. मोटारीच्या बाबतीत ते बरोबरही आहे, हलणारी मोटार माणूस मारते आणि थांबलेली मारत नाही. त्याच आठवड्यात आमच्या गटातल्या एका अनुभवी सहकाऱ्याने मला बाजूला बोलावलं आणि पिट्सबर्गची हकीकत सांगितली.

ऑक्टोबर 2019. पिट्सबर्ग विद्यापीठातली एक संशोधक विद्यार्थिनी व्हीलचेअरवरून रस्ता ओलांडत होती. रस्ता चार पदरी, गाड्यांनी वाहता. पलीकडे फुटपाथवर चढायला एकच उतार होता आणि त्या उतारावर एक डिलिव्हरी रोबो उभा होता. त्याच्या दृष्टीने तो योग्य जागी, सुरक्षितपणे, सिग्नलची वाट बघत थांबलेला होता. तिचा दिवा संपला. मागे जायला वेळ नाही, पुढे जायला वाट नाही. गाड्या सुटायच्या आत तिने कशीबशी खुर्ची फुटपाथच्या कडेवर चढवली. तिने ही हकीकत जाहीरपणे मांडल्यावर विद्यापीठातले रोबो काही काळ थांबवले गेले.

"आपल्यालाही सांगितलंय की थांबलं म्हणजे धोका टळला," माझा सहकारी म्हणाला. "पण तिच्यासाठी धोका त्या थांबण्यातच होता. तू पडद्यावर बसशील तेव्हा हे डोक्यात ठेव."

माझ्या डोक्यात ते घट्ट बसलं, कारण मी मुळात सिव्हिलची. पुण्यात एका ठेकेदाराकडे फुटपाथच्या कामांवर होते. पेव्हर ब्लॉक, कर्ब स्टोन, खालची वाळू, ढाळ, सगळं मापून देत होते. फुटपाथवर दुचाक्या चढू नयेत म्हणून उताराच्या तोंडाशी खांब ठोकायची तिथे पद्धत होती. दोन खांबांमधलं अंतर इतकं ठेवायचं की स्कूटर जाणार नाही. व्हीलचेअरही जात नसे. साइटवर त्याबद्दल कुणी विचारलं नाही, कारण विचारणारी माणसं त्या फुटपाथपर्यंत पोचतच नव्हती. अडथळा पुरेसा जुना झाला की ज्यांना तो अडवतो ती माणसं दिसेनाशी होतात, आणि मग तो अडथळा आहे हेही कुणाला आठवत नाही. पिट्सबर्गची ती विद्यार्थिनी रस्त्यावर होती, म्हणूनच रोबोचं चुकीचं थांबणं उघडं पडलं.

अमेरिकेतल्या चौकाचौकांत दिसणारे उतार आपोआप आलेले नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर मिशिगनमधल्या कलामाझू शहरात जायबंदी होऊन परतलेल्या सैनिकांसाठी काही उतार केले गेले. बर्कलेमध्ये 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला एड रॉबर्ट्स आणि त्यांच्या सोबत्यांनी शहराच्या मागे लागून ते करून घेतले. मार्च 1990 मध्ये अपंग आंदोलकांनी वॉशिंग्टनला संसदेच्या पायऱ्यांपाशी चाकाच्या खुर्च्या आणि कुबड्या सोडल्या आणि सरपटत वर चढले. त्याच वर्षी जुलैमध्ये अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. बारा इंच लांबीला एक इंच, याहून चढ जास्त नको, असं मापात बसवलेलं त्या लढ्याचं फळ आज बहुतेक कोपऱ्यांवर आहे. बाबागाडीला ते सोयीचं झालं, सामानाच्या ढकलगाडीला झालं, आणि आता रोबोलाही. या उतारांशिवाय आमचा एकही रोबो एक चौकसुद्धा ओलांडू शकला नसता. ज्यांनी वाट मिळवली त्यांच्याच वाटेत आम्ही उभे राहायचं, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

पुढे मी नकाशांच्या कामात गेले, मागून घेतलं. रोबो नव्या भागात सोडण्याआधी तिथला प्रत्येक फुटपाथ माणसाने चालून बघावा लागतो. रुंदी, ढाळ, भेगा, खांब, कचऱ्याचे डबे कुठे ठेवतात, फेरीवाला कुठे बसतो, झाडं कुठली आहेत. झाडांचा प्रश्न इथे मोठा आहे. जुन्या वस्त्यांत फायकसच्या रांगा लावलेल्या आहेत, आपल्याकडे नांदरूक म्हणतात तेच झाड. सावली दाट, बारा महिने हिरवं, पण मुळं काँक्रीटचे पट्टे उचलून उभे करतात. अपंग सुलभतेच्या नियमात पाव इंचाहून मोठी उभी पायरी सरळ सोडता येत नाही, आणि इथे काही ठिकाणी पट्टा वीतभर वर आलेला असतो. याच फुटपाथांवरून अपंग रहिवाशांनी शहराविरुद्ध खटला भरला आणि 2016 मध्ये त्याची तडजोड न्यायालयात मंजूर झाली. 30 वर्षांत 130 कोटी डॉलरांहून जास्त रक्कम फुटपाथ दुरुस्तीवर खर्च करायची शहराने कबूल केली. 30 वर्षं. तिशीत खटल्यात उतरलेल्या माणसाने साठीत सपाट फुटपाथची अपेक्षा करायची.

चौकातल्या उतारावर पिवळ्या उंचवट्यांची फरशी असते. अंधांच्या पायाला आणि काठीला रस्ता सुरू होतोय हे कळावं म्हणून. ही कल्पना जपानच्या सेइइची मियाके यांची, पहिली फरशी 1967 मध्ये ओकायामात बसली. आज मुंबई-पुण्याच्या मेट्रो स्थानकांतही ती आहे. रोबो तिच्यावरून गेला की पेटी थरथरते आणि सूप सांडतं, म्हणून आमच्यातल्या काहींना ती नकोशी वाटायची. मी त्यांना डोळे मिटून, काठी घेऊन तो कोपरा चालून बघायला लावलं. नंतर पेटीच्या तळाला रबराची जाड पट्टी बसली आणि तो विषय मिटला.

खरा वाद झाला तो थांबण्याच्या जागेवरून. नकाशात प्रत्येक चौकासाठी एक बिंदू असतो, रोबोने सिग्नलची वाट बघत कुठे उभं राहायचं तो. तो बिंदू बहुतेक ठिकाणी उतारावर किंवा त्याच्या तोंडाशी होता, कारण तिथून रस्ता लवकर ओलांडता येतो आणि कॅमेऱ्याला दोन्ही बाजूंची वाहतूक दिसते. माझं म्हणणं होतं की बिंदू मागे घ्या. उतार पूर्ण मोकळा, त्याच्यासमोर खुर्ची वळवायला लागते तेवढी जागा मोकळी, आणि रोबो बाजूला, इमारतीच्या भिंतीकडेही नाही. भिंतीकडे का नाही, तर अंध माणूस बऱ्याचदा भिंतीच्या आधाराने काठी टेकत चालतो. म्हणजे उरतो तो कडेचा, झाडं आणि दिव्याचे खांब असतात तो पट्टा.

यात वेळ जातो. मागून निघालेल्या रोबोला दिवा लागल्यावर आधी कडेपर्यंत यावं लागतं, छोट्या सिग्नलला ते जमत नाही, पुढच्या फेरीची वाट बघावी लागते. जेवण गार होतं. कामकाज बघणारे आमचे वरिष्ठ वाईट माणूस नव्हते. त्यांच्यासमोर आकडे होते आणि त्या आकड्यांत उतारावर अडकलेलं कुणी दिसत नव्हतं. मी म्हटलं, अडकलेला माणूस तक्रारीचा फॉर्म भरत बसत नाही, तो घरी जातो आणि पुन्हा त्या वाटेने येत नाही.

शेवटी मी त्यांना बैठकीत पटवायचं सोडून दिलं आणि चौकात घेऊन गेले. त्या भागात राहणाऱ्या, मोटारवर चालणारी व्हीलचेअर वापरणाऱ्या एका बाईंशी नकाशाच्या कामात ओळख झाली होती. साठीच्या आसपासच्या, निवृत्त शिक्षिका. त्यांनी संध्याकाळी आमच्याबरोबर फिरायचं कबूल केलं. रोबो उतारावर उभा केला. त्या पलीकडून आल्या, रस्त्याच्या मध्यापर्यंत आल्यावर थांबल्या आणि तिथूनच आमच्या वरिष्ठांना म्हणाल्या, "आता सांगा, मी काय करू?" सिग्नलचे आकडे उलटे मोजले जात होते. वरिष्ठ स्वतः धावले आणि त्यांनी रोबो ढकलून बाजूला केला.

पुढच्या आठवड्यात बिंदू हलवायला सुरुवात झाली. जिथे सिग्नल फारच छोटा आहे तिथे आम्ही वाटच बदलली, पुढच्या चौकातून. नेटवर्क गेलं तर जागच्या जागी न थांबता, जमलं तर आधी कडेला सरकायचं, हेही आता यंत्राला शिकवलं आहे. उतारावर ते कधीच थांबत नाही असं मी म्हणणार नाही. चाक अडकतं, बॅटरी संपते. पण तसं झालं तर पायलटच्या पडद्यावर ते सगळ्यात वरच्या दर्जाची अडचण म्हणून लाल दिसतं आणि जवळचा माणूस सायकलवरून निघतो.

कायदा अजून चाचपडतो आहे. व्हर्जिनियाने 2017 मध्ये देशात पहिल्यांदा या रोबोंना राज्यभर परवानगी दिली. त्याच वर्षाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोने उलट केलं, संपूर्ण शहरात मिळून 9 यंत्रं, तीही माणूस जवळ ठेवून. टोरांटोने 2021 मध्ये त्यांना फुटपाथवर बंदीच घातली. पेनसिल्व्हेनियाने 2020 च्या कायद्यात 550 पौंडांपर्यंतच्या यंत्राला पादचाऱ्याचा दर्जा दिला, हे मला मुळीच मान्य नाही. अडीचशे किलोंची पेटी आणि कुबडी घेतलेला माणूस यांचा फुटपाथवरचा हक्क सारखा असू शकत नाही. बंदी मला नको आहे, पण परवानगी देताना कुणी कुणाला वाट द्यायची हे कायद्याने आधी लिहावं.

डिलिव्हरी करणाऱ्या माणसांचं काय, हेही मला विचारतात. मोपेडवरचे, जुन्या टोयोटातले हे लोक मला रोज रेस्टॉरंटच्या दारात भेटतात. कॅलिफोर्नियात 2020 च्या नोव्हेंबरमध्ये झालेल्या मतदानाने त्यांना कंपनीचे कर्मचारी न मानता स्वतंत्र व्यावसायिक ठरवलं. जवळच्या फेऱ्या रोबो नेतात, लांबच्या त्यांना मिळतात, असं आमच्याकडे सांगितलं जातं. जवळच्या फेऱ्यांवरच ज्यांची संध्याकाळ भागत होती त्यांना त्यातून दिलासा मिळत नाही. त्यांच्याकडून किंमत वसूल करून ही यंत्रं स्वस्त होणार असतील तर मला तो सौदा पटत नाही, आणि हे मी कंपनीतही बोलते.

त्या निवृत्त शिक्षिका अजूनही अधूनमधून नव्या भागात माझ्याबरोबर येतात. आता कंपनी त्यांना त्याचं मानधन देते, हे मी आग्रहाने करून घेतलं. एकदा मेलरोज रस्त्याच्या बाजूच्या गल्लीत नांदरुकाच्या मुळाने उचललेल्या पट्ट्यापाशी मी टॅबवर नोंद करत होते. उंची, फोटो, ठिकाण. त्या बघत होत्या.

"तुमच्या यंत्राचं चाक इथे अडलं तर अशी नोंद होते," त्या म्हणाल्या. "माझं चाक इथे कितीतरी वर्षं अडतंय. माझी नोंद कुठे असते?"

आमच्याकडे आता शहराच्या मोठ्या भागातल्या फुटपाथचा असा नकाशा आहे की कुठे पट्टा किती वर आलाय, कुठे उतारच नाही, कुठे रुंदी तीन फुटांच्या आत आहे, हे बोट ठेवताच कळतं. ही माहिती आम्ही सार्वजनिक फुटपाथवरून फिरून गोळा केली. ती कंपनीच्या कपाटात बंद राहावी हे मला पटत नाही. दुरुस्तीच्या यादीत आधी काय घ्यायचं हे ठरवायला, आणि व्हीलचेअरवाल्याला घरातून निघतानाच कुठली वाट मोकळी आहे हे सांगायला, ती उपयोगी पडेल. माणसांचे चेहरे आणि घरांची दारं काढून टाकून फक्त काँक्रीटची माहिती द्यायची, असा प्रस्ताव मी लिहून दिला आहे. वकिलांना त्यात धोके दिसतात. एखादी भेग नकाशात नसली आणि तिथे कुणी पडलं तर जबाबदारी कुणाची, वगैरे. त्यांच्याशी बोलणं चालू आहे.

तोवर माझ्या नोंदीच्या तक्त्यात मी एक जास्तीचा रकाना घातला आहे. रोबो जाऊ शकतो का, हा रकाना आधीपासून होता. त्याच्याशेजारी, खुर्ची जाऊ शकते का. रोबो जातो पण खुर्ची जात नाही अशी ठिकाणं बरीच निघतात, आणि त्या प्रत्येक ठिकाणाची तक्रार मी शहराच्या 311 क्रमांकावर, एक रहिवासी म्हणून, त्याच दिवशी नोंदवते.